तारांचे ओझे : जुन्या अकूस्टिक गिटारच्या अभ्यासाची प्रस्तावना

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गिटारची घोडी उखडली. दोष माझाच होता. परीक्षा जवळ आली म्हणून घरच्यांनी ती माळ्यावर टाकायला लावली आणि मी रागाच्या भरात तारा न उतरवताच टाकली. पावसाळा तिने तिथेच काढला. दसऱ्याच्या साफसफाईत खाली आली तेव्हा घोडी सुटून तारांना लोंबकळत होती आणि तबलीला चांगले पोट आले होते. सांगलीत गिटार दुरुस्त करणारे तेव्हा कोणी नव्हते. म्हणून सिटी बसने मिरजेला गेलो, सतारमेकरांच्या गल्लीत.

तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. बोटाच्या पेराने तबलीवर इथे-तिथे टकटक केली, कान लावला, मग घोडीची भोके न्याहाळली.

"तारा हितंच बांधल्यात? घोडीलाच?"

"हो चाचा."

"मग घोडी निघंल न्हाई तर काय हुईल! बाळ, ओझं कुणाच्या डोक्यावर दिलंय ते बघ आधी. आवाजाचं मागनं."

त्या वेळी मला हे बोलणे नुसते रागावणे वाटले. पुढे वीस-बावीस वर्षे जुन्या गिटारींच्या पोटात डोकावल्यावर कळले की या विषयाचा पाया चाचांनी एका वाक्यात सांगून टाकला होता. हे पुस्तक त्या वाक्याचाच विस्तार आहे.

सतारीत किंवा तंबोऱ्यात तारा खालच्या टोकाला, लंगोटाला बांधलेल्या असतात. घोडीवरून त्या नुसत्या जातात. घोडीने सोसायचा तो फक्त वरून येणारा दाब. सपाट तबलीच्या गिटारीत मात्र तारांची टोके घोडीच्याच भोकांत खुंट्यांनी अडकवलेली असतात, आणि घोडी तबलीवर चिकटवलेली असते. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण सत्तर ते पंच्याऐंशी किलोच्या घरात जातो, म्हणजे एक भरल्या अंगाचा माणूस दिवसरात्र घोडीला लोंबकळतो आहे असे समजा. तो ताण घोडीला पुढच्या बाजूला कलंडवू पाहतो. मागची तबली फुगते, पुढची बसते. आणि ही तबली असते केवढी? तीन मिलीमीटरच्या आत. जाड केली तर ओझे पेलते, पण आवाज मरतो. पातळ केली तर आवाज खुलतो, पण वाद्य दहा वर्षांत कोसळते. गिटार बनवणाऱ्याचा सगळा धंदा या दोन टोकांच्या मध्ये चालतो. माझे म्हणणे असे की ज्या जुन्या गिटारींसाठी आज लोक वेडे होतात, त्या बहुतेक कोसळण्याच्या काठावर बांधलेल्या आहेत. त्यांची गोडी वयात कमी आणि त्या धाडसात जास्त आहे.

हे म्हणणे सर्वांना पटत नाही. म्हणूनच पुराव्याकडे वळले पाहिजे, आणि पुरावा गिटारच्या आत असतो.

पण आधी 'व्हिंटेज' या शब्दाचा हिशेब करू. दुकानदार तो नुसता 'जुना' या अर्थी वापरतात. मुळात तो द्राक्षांच्या हंगामाचा शब्द आहे. अमुक सालच्या द्राक्षांची वाइन, एवढाच त्याचा अर्थ. तासगावच्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. एकाच बागेचा माल एका साली साखरेसारखा असतो आणि दुसऱ्या साली आंबट, हे तो जाणतो. आपल्या विषयातही 'किती जुनी' यापेक्षा 'कोणत्या सालची' हा प्रश्न मोठा आहे. 1937 ची आणि 1947 ची एकाच मॉडेलची गिटार बाहेरून सख्ख्या बहिणी वाटतात. आत आरसा घालून पाहिले तर घराणे वेगळे निघते.

या पुस्तकात मी अनेक कारखान्यांच्या गिटारींबद्दल लिहिले असले तरी मध्यभागी एकच आहे : मार्टिन कंपनीची डी-28, 1930 च्या दशकातली. कारण सरळ आहे. तिची कागदपत्रे टिकली आहेत, तिच्यातले बदल तारीखवार सांगता येतात, आणि आज जगात बनणाऱ्या बहुतेक पोलादी तारांच्या गिटारी तिच्याच वळणावर जातात, मग त्या चीनमध्ये बनोत की कोलकात्यात.

क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन 1796 साली सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या गावात जन्मला. व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर यांच्याकडे तो काम शिकला. गावी परतला तो एका भांडणात. त्याचे घराणे सुतारांच्या, म्हणजे कपाटे-पेट्या बनवणाऱ्यांच्या संघातले. व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या संघाचे म्हणणे होते की वाद्ये बनवण्याचा हक्क आमचा, सुतारांनी गिटारीला हात लावायचा नाही. कोणत्या जातीने कोणते काम करायचे यावरून कज्जे आपणही खूप पाहिले आहेत, त्यामुळे हे प्रकरण वाचताना मला परके वाटले नाही. 1833 साली मार्टिन न्यूयॉर्कला निघून गेला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ या छोट्या गावी स्थिरावला. कंपनी आजही तिथेच आहे, आणि त्याच कुटुंबाची आहे.

1840 च्या दशकात त्याच्या गिटारींत तबलीच्या खालच्या बाजूने दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना छेदून फुलीच्या आकारात बसवलेल्या दिसू लागतात. त्या वेळी गिटारीला आतड्याच्या तारा असत. त्यांचा ताण कमी. एवढ्या ओझ्याला फुलीची गरज नव्हती. पुढे पाऊणशे वर्षांनी ती कामी आली.

ते कसे झाले ते मोठे मजेशीर आहे. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या प्रदर्शनात हवाई बेटांतले वादक आले आणि अमेरिकेला हवाईयन गिटारचे वेड लागले. पोलादी तारांवरून धातूची कांडी फिरवून वाजवण्याची ती पद्धत. तिच्यासाठी मार्टिनने पोलादी तारा पेलणाऱ्या गिटारी बांधायला घेतल्या आणि 1920 च्या दशकात पोलाद हाच नेम झाला. हेच वेड पुढे कोलकात्यात आणि मुंबईच्या सिनेमात पोहोचले. ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन पद्धतीने मांडीवरची गिटार रागसंगीतात आणली; शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत होती. तिच्यातली गिटार आणि नाझरेथची फुलीच्या पट्ट्यांची गिटार एकाच लाटेवर आल्या आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही.

मोठ्या अंगाची 'ड्रेडनॉट' गिटार 1916 मध्ये बॉस्टनच्या डिट्सन कंपनीसाठी बनली. नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून. 1929 साली पेरी बेक्टेल या बॅंजोवादकाने मानेवर जास्त पडदे मोकळे मागितले, म्हणून अंग वरून आखूड करून चौदा पडद्यांची मान आली. 1931 मध्ये ड्रेडनॉट मार्टिनच्या स्वतःच्या नावाने बाजारात आली आणि 1934 पासून तिलाही चौदा पडद्यांची मान मिळाली. मॉडेलचे नाव डी-28.

आता आत या. दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि एक बारीक दिवा लागतो. दोन्ही मिळून दोन-चारशे रुपयांत होतात. आवाजाच्या भोकातून दिवा खाली सोडा आणि आरसा तबलीकडे वळवा. सगळ्यात आधी मानेच्या मुळाशी असलेल्या ठोकळ्यावर नजर टाका. तिथे क्रमांक ठोकलेला असतो, आणि 1930 च्या अखेरीपासून मॉडेलचे नावही. मार्टिनने 1898 मध्ये क्रमांक घालायला सुरुवात केली ती एकापासून नव्हे तर आठ हजारांपासून, कारण तोवर अंदाजे तितक्या गिटारी बनल्या असाव्यात असे त्यांनी धरले. कोणत्या वर्षअखेरीस कोणता क्रमांक झाला याची यादी छापील मिळते. पहिले साल तुम्हाला इथे मिळाले.

मग फुली शोधा. आवाजाच्या भोकाच्या काठापासून साधारण एक इंचावर दोन्ही पट्ट्या एकमेकींना छेदत असतील, तर गिटार 1938-39 च्या आधीची असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर फुली खाली, घोडीच्या दिशेने सरकवली गेली. एवढ्याशा सरकण्याने काय होते? फुली वर असली की घोडीभोवतीची तबली जास्त मोकळी राहते, खर्ज भरतो. पण तबलीला पोट लवकर येते.

आता बोट आत घालून पट्टीचा माथा चाचपा. जुन्या डी-28 मध्ये पट्टी सरळ उतरत नाही. मध्ये उंच, मग खोलगट, मग शेवटाकडे पुन्हा थोडी वर, अशी ती तासलेली असते. दोन खांबांना बांधलेल्या झोळीसारखी. जिथे लाकूड नको तिथून कारागिराने ते हाताने काढून टाकले आहे. हे तासणे 1944 च्या अखेरीस बंद झाले. त्या सुमारास वादक जास्त आवाजासाठी जाडजाड तारा लावू लागले होते, तबल्या फुगून गिटारी कारखान्यात परत येत होत्या, आणि दुरुस्तीचा भुर्दंड कंपनीला बसत होता. व्यवहार म्हणून निर्णय शहाणपणाचाच होता. गिटारी टिकाऊ झाल्या आणि थोड्या मुक्या झाल्या. पुढे 1960 च्या दशकाअखेरीस घोडीच्या खाली आतून लावलेली मेपलची छोटी चकती जाऊन तिच्या जागी शिसवाची मोठी, जाड चकती आली. तेव्हा तर तबलीवर पाट ठेवल्यासारखेच झाले. 1976 साली कंपनीने तासलेल्या पट्ट्यांची एचडी-28 पुन्हा काढली. तीस-बत्तीस वर्षांनी कारखान्याने स्वतःचेच जुने काम अभ्यासून उचलले. गिर्‍हाइकाची मागणी म्हणा, पण मला तो कबुलीजबाब वाटतो.

त्या एचडीतला 'एच' हेरिंगबोनचा. जुन्या डी-28 च्या तबलीच्या कडेने माशाच्या काट्यासारखी काळी-पांढरी नक्षी असते. तिच्या पट्ट्या जर्मनीहून येत. युद्धात माल बंद झाला, साठा 1946-47 च्या सुमारास संपला, आणि साधी पट्टी आली. आवाजाशी या नक्षीचा काही संबंध नाही. तरीही बाजारात सगळ्यात आधी तीच पाहतात, कारण ती आरशाशिवाय दिसते.

लाकडाचा विषय निघाला की मराठी वाचकाने जरा सरसावून बसावे. तबलीचे स्प्रूस न्यूयॉर्कच्या ॲडिरॉंडॅक डोंगरांतले, ते 1940 च्या दशकाच्या मध्यापर्यंत. मोठे वृक्ष संपत आले तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे सिट्का आले. पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवाच्या. 1960 च्या दशकात ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधने घातली आणि 1969 पासून डी-28 ला भारतीय शिसव लागले. शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. पश्चिम घाटात आणि दक्षिणेत वाढणारे झाड. आजीच्या देवघरातला शिसवी पाट, वाड्यातला झोपाळा आणि 1970 नंतरची डी-28 ही एकाच जातीची लाकडे आहेत. पाट थोडा घासून नाकाशी धरा, गिटारच्या भोकाला नाक लावा. वास ओळखीचा येईल. ब्राझीलचे शिसव 1992 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळजवळ बंद आहे. 2017 च्या आरंभी शिसवाच्या सगळ्याच जाती नियमांखाली आल्या आणि वाद्ये घेऊन फिरणाऱ्यांची विमानतळांवर तारांबळ उडाली. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझीलच्या शिसवाला नाही.

ब्राझीलच्या शिसवाचे गुणगान तुम्ही खूप ऐकाल. त्यापुढे एक प्रयोग ठेवतो. इंग्लंडमधल्या लॅंकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळे एकसारखे, फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे. ब्राझीलचे शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल वगैरे. 52 वादकांना लाकूड दिसणार नाही अशा बेताने त्या वाजवायला दिल्या. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले : वादकांच्या पसंतीत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे लाकडाला अर्थ नाही असे नव्हे. तबलीचे लाकूड सहाही गिटारींत एकच होते, आणि आवाजाचा मोठा वाटा तबलीचा. पाठीच्या शिसवापेक्षा पट्टीचा उतार महत्त्वाचा, असा कौल मी तरी यातून काढतो. शिसवाचे भक्त मला क्षमा करोत. मीही त्या वासाचा भक्त आहेच.

वयाने आवाज 'उघडतो' का, हा दुसरा जुना वाद. लाकूड म्हातारे होते तसे त्यातले काही घटक विघटन पावतात, ते हवेतला ओलावा कमी शोषते आणि थोडे हलके होते. इथवर शास्त्र बरोबर येते. म्हणूनच हल्ली नवे लाकूड भट्टीत तापवून ते म्हातारे करण्याचा उद्योग चालतो. पण 'वाजवून वाजवून खुलली' हे सिद्ध करणे फार अवघड आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वीचा तिचा आवाज कोणाच्याही कानात जसाच्या तसा राहिलेला नसतो. शिवाय वाईट गिटारी लोकांनी जपल्या नाहीत. ज्या उरल्या त्या चाळणीतून उरल्या.

एक गोष्ट मात्र वादातीत आहे, ती म्हणजे सरस. जुन्या गिटारी जनावरांच्या कातडीपासून केलेल्या सरसाने जोडल्या आहेत. उष्णता आणि वाफ दिली की तो सुटतो. ताणाने गिटारचे अंग वर्षानुवर्षे वाकत जाते, मानेचा कोन बिघडतो, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि बोटे सोलवटतात. मग मानेच्या सांध्यात वाफ सोडून मान काढतात, लाकूड केसभर तासतात आणि पुन्हा बसवतात. आयुष्यात दोन-तीनदा ही शस्त्रक्रिया झालेली गिटार बाद नसते. उलट कोणीतरी तिची काळजी घेतल्याचा तो पुरावा असतो. क्लॅरेन्स व्हाइट आणि त्यांच्यानंतर टोनी राइस यांच्याकडे असलेली 1935 ची डी-28 पाहा. तिचे आवाजाचे भोक कोणीतरी घासून मोठे केलेले, पडद्यांची पट्टी दुसऱ्याच गिटारची. संग्राहकाच्या तक्त्यात तिला नापास करतील. टोनी राइस यांनी ती 1975 साली 550 डॉलरना घेतली आणि ब्लूग्रास संगीतातल्या गिटारचा आवाज कसा असावा हे तिच्यावर ठरवून टाकले.

किमतींबद्दल मी या पुस्तकात मुद्दाम थोडे लिहिले आहे. 2020 मध्ये कर्ट कोबेनची 1959 ची मार्टिन साठ लाख दहा हजार डॉलरला गेली. ते मॉडेल डी-18ई. तबलीला भोके पाडून त्यात पिकअप बसवलेले, आणि जाणकारांनी आवाजासाठी कधी न नावाजलेले. पैसे हाताचे होते, लाकडाचे नव्हते. त्यात गैर काही नाही, फक्त तो वेगळा विषय आहे.

आपला विषय विद्यापीठांत जन्मला नाही. दुरुस्तीवाले, दुकानदार आणि कारखान्यातले नोकर यांनी तो उभा केला. मार्टिनमध्येच काम करणाऱ्या माइक लॉंगवर्थ यांनी 1975 मध्ये कंपनीचा इतिहास लिहिला. नॅशव्हिलचे दुकानदार जॉर्ज ग्रून यांनी ओळख पटवण्याचे मार्गदर्शक पुस्तक काढले. पहिल्या मार्टिनच्या हिशेबवह्या आणि पत्रे चाळून 2003 मध्ये पुस्तक लिहिणारे फिलिप गुरा हे तर साहित्याचे प्राध्यापक. तेव्हा 'मी संगीतातला नाही' ही सबब इथे चालत नाही. सुताराला यातले माझ्यापेक्षा जास्त कळेल. जीर्ण पोथ्या हाताळणाऱ्याला कळेल. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याला तर नक्कीच कळेल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या वाद्यांच्या आतल्या बाजूची अशी सालवार नोंद आपण अजून केलेली नाही. गिटारसाठी तयार झालेली पद्धत तिकडे उसनी नेता येईल, ही माझी मनातली आशा आहे.

गोव्यात, वांद्र्यात, गिरगावात अजून किती घरांत जुन्या गिटारी पलंगाखाली पडून असतील देव जाणे. त्या बहुतेक मार्टिन नसतील. नसू देत, पट्ट्या, सरस आणि भेगा त्यांनाही आहेत. पिकगार्डच्या कडेने तबलीला सरळ भेग गेलेली दिसली तर घाबरू नका : सेल्युलॉइडचा तो तुकडा वर्षानुवर्षे आक्रसतो आणि खालचे लाकूड सोबत ओढतो, दुरुस्त होते.

एक विनंती. अशी गिटार हाती आली तर तिला पॉलिश करू नका, खुंट्या बदलू नका, भेगेत फेव्हिकॉल तर मुळीच भरू नका. आरसा घालून आत जे दिसेल ते तारखेसकट वहीत लिहा. आणि पुस्तकाचे पुढचे पान उलटण्याआधी तिच्या तारा दोन सुरांनी उतरवून ठेवा.